तीन सिलिंडरची पद्मिनी

पद्मिनीचं इंजिन घरीच खोलायचं ठरलं, तेव्हा विजयमालाबाईंनी एकच अट घातली. नटबोल्ट ठेवायला स्वयंपाकघरातली परात न्यायची नाही. शाल्मलीनं हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी भाकरीचं पीठ मळायची परात गॅरेजात काळ्या तेलानं माखलेली सापडली. बाईंनी कमरेवर हात ठेवून परातीकडे बघितलं आणि मग नवी परात आणायला बाजारात गेल्या. रागवायचं राहूनच गेलं. परातीत झडपा इतक्या ओळीनं, मानानं मांडल्या होत्या, की देवघरातले टाकही कुणी असे मांडत नाही.

शाल्मली ही बाईंच्या भाच्याची, धैर्यशीलची मुलगी. वय सोळा, नखं कायम काळी. बाईंना ती आत्याआज्जी म्हणे. कोल्हापुरातल्या कळंब्याच्या त्या घरात वर धैर्यशीलचा संसार होता, खाली बाईंची खोली आणि खोलीला लागून गॅरेज. गॅरेजात बाईंची पांढरी पद्मिनी गेली कित्येक वर्षं चादर पांघरून उभी होती.

नवरा गेला तेव्हा बाई तिशीच्याही झालेल्या नव्हत्या. मागं राहिली ती ही गाडी. दीर म्हणाले विकून टाका, शेजारी म्हणाले टॅक्सीला लावा. बाईंनी उद्यमनगरात नेऊन डाव्या बाजूला क्लच-ब्रेकची दुसरी जोडी बसवून घेतली आणि दारावर पाटी लावली, विजया मोटार ट्रेनिंग. बाईमाणूस काय गाडी शिकवणार, असं म्हणणाऱ्यांच्या बायका आधी आल्या, मग मुली आल्या, शेवटी ते स्वतः अंधार पडल्यावर चौकशी करून गेले. निम्मी राजारामपुरी बाईंच्या हाताखाली शिकली. अजूनही रस्त्यात बाई दिसल्या की काही म्हातारे नकळत हात वर नेऊन नसलेला आरसा नीट करतात.

मग गपगाड्या आल्या. नाव लोकांनीच ठेवलेलं. आवाज नाही, स्टिअरिंग नाही. आत बसायचं, कुठं जायचं ते सांगायचं आणि गप राहायचं. पहिल्यांदा लोक घाबरले, मग सवय झाली. अपघात जवळजवळ थांबले आणि त्याचा बाईंना मनापासून आनंद होता. शिकाऊ हातांनी होता होता टळलेले अपघात त्यांच्याइतके कुणी पाहिले नव्हते. फक्त शिकायला कुणी येईना. त्यांचा शेवटचा विद्यार्थी म्हणजे नाटकात ड्रायव्हरचं काम मिळालेला एक पोरगा. त्याला स्टिअरिंग धरल्याचा आवच आणायचा होता. बाईंनी त्यालाही चार दिवस खरी गाडी चालवायला लावली आणि पाटी उतरवली.

धैर्यशीलचं कामच गपगाड्यांचं. शहरातल्या गाड्या कुठं अडल्या, कुठं रिकाम्या फिरतायत, हे तो पडद्यावर बघे. माणूस शांत, हिशोबी. गॅरेजात चार्जिंगची सोय करावी असं त्याच्या मनात होतं, पण आत्याला तसं तोंडावर म्हणायचं धाडस नव्हतं. सरकारनंच ते त्याच्या वतीनं म्हटलं. पेट्रोलच्या जुन्या गाड्या दिवाळीपर्यंत एक तर स्वच्छ करा, नाही तर भंगारात द्या, असा नियम निघाला.

स्वच्छ करायचा मार्ग अगदी नवा होता. त्याचं नाव गारलेप.

शाल्मलीनं तो बाईंना भाजी निवडता निवडता समजावून सांगितला. साध्या इंजिनात ठिणगी पडते, इंधन पेटतं आणि ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. ती ज्वाला इतकी तापते, की हवेतले एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे दोन वायू, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, एकत्र येतात आणि धुरातलं विष तयार होतं. गारलेप म्हणजे लोहाची एक अत्यंत पातळ जाळी. ती पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या छतावर लावून भट्टीत भाजायची. मग इंधनाला पेटायला ज्वाला लागतच नाही. लेपाला टेकलं, की ते सगळीकडे एकदम, थंडपणानं जळतं.

“थंडपणानं जळतं म्हणजे तुझ्या आजोबांसारखं,” बाई म्हणाल्या. “माझा भाऊ. वरून बर्फ.”

आणि गंमत अशी, की या लेपाला शुद्ध इंधन लागतच नव्हतं. उसाच्या मळीपासून काढलेलं कच्चं अल्कोहोल चाले. त्यात चौथा हिस्सा पाणी असलं तरी चाले, उलट त्या पाण्यानं आग आणखी गार राही. कोल्हापूरच्या चारी बाजूंना ऊस. म्हणजे इंजिनाची चूल घरच्याच सरपणावर पेटणार होती. लेपाची एक पेटी एका इंजिनाला, नोंदवून मिळे. शाल्मलीनं आत्याआज्जीच्या नावावर अर्ज करून ती मिळवली होती.

धैर्यशीलनं मुलीला विचारलं, की हा खटाटोप कशासाठी. फुकट दारात येणारी गाडी असताना इंजिन कशाला? शाल्मली पाना न ठेवता म्हणाली, “बाबा, गपगाडीत बसलं की आपण सामान असतो.”

तो हसला, पण अट त्यानं पक्की केली. धूर आणि चढ, दोन्ही तपासण्या पास झाली तर गाडी राहील. नाही झाली तर भंगारात, आणि मग रडायचं नाही. दोघींनी कबूल केलं. बाईंनी जरा जास्तच पटकन कबूल केलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण गाडीचा जीव भाच्याच्या हातात देऊन बसलोय.

पावसाळाभर काम चाललं. इंजिन साखळीवर टांगून खाली घेतलं. सिलिंडर घासून गुळगुळीत झाले, रिंगा नव्या आल्या. कार्बुरेटर काढून शाल्मलीनं प्रत्येक सिलिंडरला इंधनाचा स्वतंत्र फवारा बसवला आणि सगळ्यांवर हुकूम चालवायला काड्यापेटीएवढा संगणक. बाई स्टुलावर बसून दिवा धरत. इंजिनाच्या पोटात काय असतं हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. बोनेट उघडून पाणी आणि तेल बघायचं, बाकीचं मिस्त्रीचं काम, एवढीच त्यांची विद्या. त्यांना आवाजावरून गाडीचं दुखणं कळे. ते दुखणं कुठं राहतं ते आता पोरगी दाखवत होती. एकदा क्रँकचा दांडा हातानं फिरवताना चारी पिस्टन खालीवर झाले आणि बाई उगाचच लाजल्या, कुणाच्या तरी खोलीत न विचारता डोकावल्यासारख्या.

लेप लावला खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. तो दिवसभर सुकू द्यायचा होता. तेल, मीठ, चुना यांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, अशी पेटी देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमची ताकीद होती. शाल्मलीनं पिस्टन स्वच्छ पाटावर मांडले आणि झोपायला गेली.

खंडेनवमीला कोल्हापुरात यंत्रं विसावा घेतात. उद्यमनगरातल्या लेथवर झेंडूच्या माळा चढतात, हातोड्यालाही कुंकू लागतं आणि कुणी त्या दिवशी हत्याराला हात लावत नाही. बाईंनी विधवा झाल्यावर पहिल्याच वर्षी ही पूजा स्वतः केली होती. एका चुलतसासूनं नाक मुरडलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की गाडी मी चालवते, तिला कुंकू काय दुसरा येऊन लावणार? तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

यंदाही त्यांनी पहाटे अंघोळ करून गॅरेज झाडलं. पाने, जॅक, स्टिअरिंग, सगळ्यांना फूल आणि अक्षता वाहिल्या. पाटावर चार पिस्टन होते. एकाला लावलं की साऱ्यांना पोचतं, असं म्हणून त्यांनी हाताशी आलेल्या एका पिस्टनच्या राखाडी माथ्यावर अनामिकेनं कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं.

शाल्मली उठून आली ती दारातच थबकली. पुसू का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यावं. आणि आज तर हात लावायचाच नाही. पोरीनं विचार केला. कुंकू म्हणजे हळद, आणि हळद काय, भट्टीत जळून जाईल. तिच्या पिढीनं कपाळावर टिकलीच बघितलेली. तिनं हात जोडले आणि पेढा उचलला.

लेप भट्टीत भाजून झाला आणि दिवाळीच्या आधी इंजिन पुन्हा गाडीत बसलं. शेजारच्या चार घरची माणसं फाटकाशी जमली. शाल्मलीनं किल्ली फिरवली आणि पद्मिनी बोलली. पण नीट नाही. तीन ठोके मऊ आणि सलग पडत, चौथ्याला ती अडखळे, फटकन शिंकल्यासारखी, आणि मागून कच्च्या मळीचा आंबूस वास येई. धूर मोजायचं यंत्र लाल झालं.

शाल्मलीनं दोन दिवस सगळं तपासलं. फवारा ठीक, झडपा ठीक. शेवटी चौथ्या सिलिंडरच्या भोकातून तिनं शिरेएवढा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर पिस्टनचा माथा दिसला. सगळीकडे लेप चांगला धरला होता, फक्त मधोमध एक लांबट, निस्तेज डाग होता, त्याच्याभोवती काजळी. डाग बोटाएवढा होता.

“हे तर तुझं कुंकू,” ती पुटपुटली. “पण हळद तर जळून जाते.”

“हळद जळते,” बाई हळूच म्हणाल्या. “चुना कुठं जातो?”

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या लहानपणी माहेरच्या गल्लीत कुंकू करणारं एक घर होतं. हळकुंडं चुन्याच्या निवळीत मुरवली, की पिवळ्याचं लाल होई. अंगणभर ते लाल वाळत पडलेलं असे. अंबाबाईच्या देवळाजवळून आणलेलं त्यांचं कुंकू अजून त्याच जातीचं होतं. चुना लेपात मुरला होता आणि तेवढी जागा मेली होती. तिथं टेकणारं इंधन अर्धंकच्चं राहत होतं.

मॅडमना विचारलं, तर दुसरी पेटी नव्या वर्षाशिवाय नव्हती. म्हणजे मुदतीनंतरच.

त्या संध्याकाळी धैर्यशील गॅरेजात आला. त्यानं टोमणा मारला नाही. उलट म्हणाला, आपल्या ओळखीचा माणूस आहे, इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवून देईल. गाडी बाहेरून हीच, आसनं हीच, स्टिअरिंगही राहील. भंगारात जायची नाही. बाईंना एकदम सुटल्यासारखं झालं. आपल्या बोटानं पोरीचे एवढे महिने वाया गेले, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. गाडी तरी वाचेल. त्या म्हणाल्या, बसव बाबा मोटर.

शाल्मलीनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि वर निघून गेली. दोन दिवस ती खाली फिरकली नाही. जेवताना समोर बसे, पण आत्याआज्जीच्या ताटात भाकरी वाढताना वर बघत नसे.

तिसऱ्या दिवशी बाई गुडघे धरत जिना चढून वर गेल्या. पोरगी खिडकीत बसली होती. बाईंनी माफी मागितली नाही. ती त्यांच्या वळणात नव्हती. त्या पलंगावर बसल्या आणि जुनं काही तरी सांगू लागल्या, त्या नेहमीच सांगत तसं. गारगोटीच्या एका नवऱ्या मुलीला लग्नाला जायला हीच पद्मिनी हवी होती, कारण ती हिच्यावर गाडी शिकली होती. तिला मांडवाकडे घेऊन येताना वाटेत एक प्लग मेला. मिस्त्री कुठं मिळणार? मुलगी म्हणाली, बाई, चालवा तशीच. गाडी सगळी थरथरत होती, मागं बसलेल्या करवलीच्या मांडीवरचा रुखवताचा लाडू घरंगळला, पण मुहूर्ताच्या आत मांडवात पोचवलं. उरलेल्या तीन प्लगांच्या जिवावर.

शाल्मलीनं मान वळवली. “तीनवर आली होती? चढ असतानाही?”

“चढावर मुलीच्या मामांना उतरवलं. मग आली.”

“आत्याआज्जी,” पोरगी उठून उभी राहिली, “मग चौथ्याला इंधन देतोयच कशाला आपण?”

ती जिन्यावरून धावतच खाली गेली. बाई पोचेपर्यंत झाकण उघडलेलं होतं. चौथ्या सिलिंडरच्या झडपा उघडणाऱ्या दोन दांड्या तिनं उपसून काढल्या. आता त्या झडपा मिटलेल्याच राहणार, आतली हवा आतच कोंडलेली. पिस्टन वर गेला की ती दबणार, तो खाली यायला लागला की तेवढ्याच जोरानं त्याला परत ढकलणार. उशीसारखी. फवारा संगणकातून बंद केला. किल्ली फिरवली. पद्मिनी लंगडली, थरथरली, पण वास गेला. धुराचं यंत्र हिरवं झालं.

ताकद मात्र पाऊण राहिली, आणि तपासणीत चढ होता. घाटात जुनी गाडी अडून मागच्या गपगाड्यांची रांग लागू नये म्हणून ठेवलेला. अर्ध्या चढावर थांबायचं आणि मागं न घसरता पुन्हा निघायचं. धैर्यशील म्हणाला, मोटरवाल्याला मी थांबवून ठेवतो, पण तुमचा हट्ट तुम्ही पुरवा. जोड-पेडलच्या गाडीत शिकवणारं माणूस शेजारी असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाला हातानं चालवायचा परवाना मिळे. चालवणार कोण, यावर बाईंनी चर्चाच केली नाही. त्यांचे गुडघे आता क्लचला भरवशाचे नव्हते. आठवडाभर त्यांनी पोरीला मैदानात घोटून घेतलं. ओरडल्या, पाठीत बुक्की घातली, एकदा उतरून चालतही निघाल्या. घरी येताना दोघी चिक्कू मिल्कशेक प्यायल्या.

शहराबाहेरच्या तपासणीच्या मैदानावर त्या दिवशी जुन्या गाड्यांची बरीच गर्दी होती. धूर मोजून झाला, पास. मग चढ. तपासनीस तरुण होता, त्यानं आयुष्यात गिअर हातात धरलेला नव्हता, आणि तो गाडीपासून बराच लांब उभा राहिला. वर कठड्याशी धैर्यशील उभा होता, खिशात हात घालून.

अर्ध्या चढावर शाल्मलीनं गाडी थांबवली. पद्मिनी हँडब्रेकवर उभी राहून थडथडत होती, तीन ठोके आणि एक खड्डा, तीन ठोके आणि एक खड्डा.

बाईंची शिकवण तीस वर्षं एकच होती. चढावर घाई नाही. इंजिन हळू ठेवायचं, क्लच अलगद, पेट्रोल वाया घालवायचं नाही. “हळू,” त्या म्हणाल्या. शाल्मलीनं हळू क्लच सोडला. गाडी पुढं व्हायच्या ऐवजी खाली वाकली, नेमकी त्या रिकाम्या ठोक्याच्या खड्ड्यात सापडली, आणि गुदमरली. शाल्मलीनं घाईनं क्लच दाबला. इंजिन विझता विझता राहिलं. दुसऱ्यांदा असं झालं तर नापास.

बाईंचे दोन्ही पाय डावीकडच्या पेडलवर होते. त्या क्षणी त्यांनी क्लच आपल्या पायावर घेतला असता तर गाडी त्यांनीच काढली असती, पायाला ते पाठ होतं. पण तेही हळूच्या हिशोबानं काढलं असतं, आणि या इंजिनाला हळू चालत नव्हतं. या इंजिनाला त्या ओळखत नव्हत्या. त्याचं पोट बघितलं होतं, एवढंच.

“आत्याआज्जी, मी जास्त देऊ?” शाल्मलीनं पुढं बघतच विचारलं. “जास्त दिलं की खड्डा बुजतो.”

बाईंनी दोन्ही पाय उचलून सीटखाली ओढून घेतले.

“गाडी तुझी,” त्या म्हणाल्या.

शाल्मलीनं ॲक्सिलरेटर दाबला. बाईंच्या कोणत्याही विद्यार्थ्यानं एवढा दाबला असता तर कान उपटला गेला असता. इंजिन गर्जलं, ठोके एकमेकांत मिसळले, खड्डा दिसेनासा झाला, आणि सगळी थरथर एका सुरात आल्याबरोबर तिनं क्लच सोडला, हँडब्रेक खाली केला. पद्मिनी बोटभरही मागं गेली नाही. वर चढली, माथा ओलांडला आणि सपाटीवर जाऊन थांबली. तपासनिसानं लांबूनच टाळी वाजवली आणि मग हे आपलं काम नव्हे असं आठवून हात खाली घेतले. नोंदीत सिलिंडर किती लिहायचे, असं त्यानं विचारलं. शाल्मली म्हणाली, चार लिहा, एक सुट्टीवर आहे.

धैर्यशील कठड्यापासून गाडीशी आला. त्यानं बोनेटवर हात ठेवला, चटका बसल्यावर काढला. लेपामुळे आग गार राहते ना, मग हे एवढं गरम कसं, असं त्यानं मुलीला विचारलं, आणि ती उत्तर देत असताना तो खरंच ऐकत होता. मग मोटरवाल्याला फोन करायला तो बाजूला गेला. नको म्हणून सांगितलं. चार्जिंगचं अंगणात बघू, असं परत येऊन म्हणाला. आणि गपगाडी सोडून देऊन मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

परत येताना ऊन तिरपं झालं होतं. दोन्हीकडे तुरे आलेला ऊस. आजूबाजूच्या गपगाड्यांना हातानं चालवलेली गाडी जवळ आलेली समजे, आणि त्या आपणहून अंतर राखून, जरा अदबीनंच, बाजूला सरत. शाल्मली गिअर बदलताना अजून ओठ चावत होती. धैर्यशीलनं मागून विचारलं, की आत्या, हिचा क्लच जरा उशिरा सुटतोय का, की मला तसं वाटतंय?

उत्तर आलं नाही. त्यानं पुढं वाकून बघितलं.

डाव्या सीटवर बसून तीस वर्षं ज्या बाईनं पापणी जड होऊ दिली नव्हती, त्या विजयमालाबाई खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपल्या होत्या.

धैर्यशीलनं मुलीच्या खांद्याला बोट लावून दाखवलं. शाल्मलीनं एकदा डावीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि पुढचा गतिरोधक तिनं इतक्या हळू ओलांडला, की झोपलेल्या माणसाला कळूही नये.